पाच गोळ्या कापून द्या

वाचक विचारतात : औषध, पेटंट आणि कायदा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की औषध परवडावं म्हणून पेटंट ऑफिसात आणि कोर्टात भांडणं हा माझा सतरा वर्षांचा धंदा आहे. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली सात इथे घेतली आहेत. उरलेल्यांतल्या निम्म्या लोकांनी जमिनीच्या केसचं विचारलंय. त्यांची माफी मागते. मला सात-बारा धड वाचता येत नाही.

प्रश्न : मी लातूरला लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. ‘ग्लोबल हेल्थ इक्विटी’मध्ये, म्हणजे जगभरच्या आरोग्यातल्या समतेसाठी, काम करायचं आहे. लिंक्डइनवर सगळे हेच शब्द लिहितात, पण सकाळी उठून नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही. शिवाय माझी पदवी बी.ए.ची, सायन्स नाही. जमेल का?

सकाळी उठून वाचायचं. बहुतेक दिवस तेवढंच असतं. दुसऱ्याच्या औषधाचे कागद, तेही अशा इंग्रजीत की एक वाक्य पान उलटून पुढे जातं.

पण ह्या कामाला मी लागले ती कागदांमुळे नाही, कात्रीमुळे. मिरजेला दवाखान्यांच्या रस्त्यावर वडलांचं मेडिकल होतं. काउंटरला सुतळीने बांधलेली एक कात्री असायची. अथणी, रायबागकडून पेशंट यायचे, चिठ्ठीवर पंधरा गोळ्या लिहिलेल्या असायच्या आणि माणूस खिसा चाचपून म्हणायचा, “पाच कापून द्या.” वडील पट्टी कापायचे ती नेहमी एकाच बाजूने. बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत दुकानात राहायला हवं, हा त्यांचा नेम. पाच गोळ्यांचं अँटिबायोटिक घेऊन गेलेला माणूस आठवड्याने परत आला की ते त्याला काही बोलायचे नाहीत. दुकान बंद केल्यावर मात्र घरी चिडचिड करायचे. मी बी.फार्म. झाले ती दुकान चालवायला. मग मुंबईत लॉ केलं आणि दुकान काकांच्या मुलाकडे गेलं.

आता कामाचं. पेटंटचा अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तिथपासून पेटंट मंजूर होईपर्यंत पेटंट कायद्याच्या कलम 25(1) खाली कोणीही हरकत घेऊ शकतं. कायद्यातच ‘कोणतीही व्यक्ती’ असं लिहिलंय. पेशंट घेऊ शकतो, पेशंटची संघटना घेऊ शकते, तुम्हीही. आम्ही ह्याला नुसतं ‘प्री-ग्रँट’ म्हणतो. 2024च्या नियमांनी त्याला फी लावली आणि हरकत ऐकण्याजोगी आहे का हे कंट्रोलरने, म्हणजे पेटंट ऑफिसातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने, आधी ठरवायचं, अशी एक पायरी वाढवली. आमच्या मते हा दरवाजा अरुंद करण्याचा प्रकार आहे, पण दरवाजा अजून आहे. पेटंट मंजूर झाल्यावरही एक वर्ष हरकत घेता येते. मात्र तेव्हा हितसंबंध दाखवावा लागतो.

हरकतीत सांगायचं काय? की हे नवं नाही, ह्या विषयातल्या माणसाला सहज सुचण्याजोगं आहे, किंवा कायद्याने पेटंट न देण्याच्या यादीत हे बसतं. त्यासाठी जुने शोधनिबंध, जुनी पेटंटं, परिषदेतली पोस्टरं धुंडाळायची, एखाद्या रसायनशास्त्रज्ञाकडून प्रतिज्ञापत्र घ्यायचं आणि सगळं वेळेत दाखल करायचं. वेळेत हा शब्द अधोरेखित करा.

माझी पहिली हरकत एचआयव्हीच्या एका औषधावर होती. तीन आठवडे खपून मला एका परिषदेचा सारांश सापडला, त्यात कंपनीचा ‘शोध’ जवळजवळ जसाच्या तसा होता. मी हवेत. अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात हिअरिंग होतं. वडाळ्याहून टॅक्सीने गेले, मांडीवर फायलींचा गठ्ठा. कंट्रोलर साहेबांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागचं पान बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, तारीख.” परिषद अर्जाच्या आधी झाली होती, पण सारांशाचं पुस्तक छापून आलं होतं अर्जाच्या प्रायॉरिटी तारखेनंतर, म्हणजे शोध नवा की जुना हे ज्या तारखेवरून ठरतं तिच्यानंतर, अकरा दिवसांनी. परिषदेत ते पोस्टर प्रत्यक्ष लावलं गेलं होतं ह्याचा माझ्याकडे काडीचा पुरावा नव्हता. तो मुद्दा तिथेच मेला. दुसऱ्या मुद्द्यावर निभावलं, पण परतीच्या लोकलमध्ये मी वडाळा ते कुर्ला त्या एका पानाकडे बघत बसले होते. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिले सहा महिने फक्त तारखा तपासायला लावते. मुलं कंटाळतात.

सायन्सच्या पदवीचं. पेटंट एजंटची परीक्षा द्यायची तर विज्ञान, इंजिनीअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, तिथे पळवाट नाही. पण वकील म्हणून कंट्रोलरपुढच्या सुनावणीत पक्षकाराची बाजू मांडायला ती परीक्षा लागत नाही, आणि हायकोर्टात तर प्रश्नच नाही. रसायनशास्त्र समजावून सांगणारा माणूस शेजारी बसवायचा आणि त्याला लाज न बाळगता बावळट प्रश्न विचारायचे.

आणि सगळं काम पेटंटचंच असतं असंही नाही. दिल्लीत बिरेंदर सांगवान नावाचे वकील आहेत. हृदयात बसवायच्या स्टेंटच्या किमतींवर कुणाचाच लगाम नाही म्हणून त्यांनी 2014 साली हायकोर्टात जनहित याचिका केली. 2016 साली स्टेंट आवश्यक औषधांच्या यादीत आला आणि 13 फेब्रुवारी 2017ला सरकारने कमाल किंमत बांधली : औषध लावलेला स्टेंट 29,600 रुपये, साधा 7,260. त्याआधी लाख-दीड लाखांची बिलं सर्रास होती. ह्यात रेणू-बिणू कुठे नाही. यादी कोण करतं, किंमत कोण बांधतं आणि दोघं एकमेकांशी बोलतात का, एवढंच होतं. बी.ए.वाल्याला ते उत्तम जमेल.

प्रश्न : मी निवृत्त रसायनशास्त्राचा शिक्षक, कोल्हापूर. संशोधनाला वर्षं लागतात, पैसा लागतो. तुम्ही पेटंटं पाडत सुटलात तर उद्या नवं औषध कोण शोधेल? कंपन्यांच्या पोटावर उठून गरिबांचं भलं कसं होणार?

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण सूर रागाचा असला तरी प्रश्न रास्त आहे. नव्या रेणूच्या पेटंटला मी कधी हरकत घेतलेली नाही. वीस वर्षं मिळतात, मिळू देत. भांडण सुरू होतं ते एकविसाव्या वर्षी.

तुम्ही वर्गात क्षार शिकवलेत. आम्ल आणि आम्लारी आणा, क्षार बनवा. औषधाच्या रेणूचे फ्युमरेट, मेसिलेट, टार्ट्रेट असे क्षार बनवून पाहणं हे औषधशास्त्रात रोजचं काम आहे. मूळ रेणूचं पेटंट संपत आलं की कंपनी क्षाराचं पेटंट मागते, मग स्फटिकाच्या एका विशिष्ट रूपाचं, मग गोळीचं, मग दोन औषधं एकत्र केल्याचं. आमच्या दुकानातल्या पट्टीसारखंच, एक औषध कापून कापून विकायचं. फरक एवढाच की इथे प्रत्येक तुकड्याला पुन्हा वीस वर्षं.

1970च्या आपल्या कायद्यात औषध ह्या वस्तूला पेटंटच नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होतं. त्यावर आपला औषधधंदा उभा राहिला. जागतिक व्यापार करारामुळे 1 जानेवारी 2005पासून वस्तूला पेटंट द्यावं लागलं. ते देताना संसदेने कलम 3(ड) घातलं : ओळखीच्या पदार्थाचं नवं रूप, म्हणजे क्षार, एस्टर, बहुरूपी स्फटिक वगैरे, गुणकारकतेत लक्षणीय फरक दाखवल्याशिवाय नवा पदार्थ मानायचं नाही.

त्याची कसोटी लागली रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेकवर. नोव्हार्टिसने इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपाचं पेटंट मागितलं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली आणि 2006 साली चेन्नईच्या पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला. कंपनी सात वर्षं लढली. 1 एप्रिल 2013ला सुप्रीम कोर्टाने, न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई ह्यांच्या पीठाने, अपील फेटाळलं. कंपनीचं म्हणणं होतं की नवं रूप शरीरात तीस टक्के जास्त शोषलं जातं. कोर्टाने विचारलं : त्याने रोगी जास्त बरा होतो का? ते दाखवा. शोषण वाढलं म्हणजे गुण वाढला असं आपोआप ठरत नाही. सर, हा निकाल शक्य झाल्यास मुळातून वाचा. तुमच्यासारख्याला त्यातलं रसायन आवडेल. आमच्या वकिलांपैकी बरेच जण ती पानं उडी मारून पुढे जातात.

दुसरं उदाहरण मुंबईचंच. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर बेडाक्विलीन हे औषध 2012 साली आलं. टीबीसाठी नव्या जातीचं औषध चाळीसेक वर्षांत आलं नव्हतं, तेव्हा त्याचं मोल मी तरी कमी करणार नाही. त्याआधी अशा रुग्णांना महिनोन्‌महिने इंजेक्शनं द्यायचे आणि त्याने कित्येकांचे कान जायचे. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि केपटाऊनजवळच्या खायेलित्शाच्या फुमेझा तिसिले ह्या दोघींचं ऐकणं असंच गेलं. मूळ रेणूचं पेटंट जुलै 2023ला संपत होतं. जॉन्सन अँड जॉन्सनने फ्युमरेट क्षारावर वेगळा अर्ज केला होता, तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी 2027पर्यंत गेली असती. ह्या दोघींनी 2019 साली मुंबईत हरकत दाखल केली. 23 मार्च 2023ला मुंबईच्या पेटंट ऑफिसने अर्ज नाकारला. त्याच वर्षी ऑगस्टात जागतिक खरेदीयंत्रणेतल्या टेंडरमध्ये सहा महिन्यांच्या कोर्सची सर्वांत कमी किंमत आधीच्या निम्म्याच्या खाली आली.

तेव्हा कंपनीचं पोट भरलं का? रेणूवर तिला वीस वर्षं मिळाली. क्षारावरची चार मिळाली नाहीत. ह्याला पोटावर उठणं म्हणायचं की नाही हे तुमच्यावर सोडते, पण पेपर तपासताना ‘आधीच्याच उत्तरात मीठ घातलंय’ ह्याला तुम्हीही गुण दिले नसते.

प्रश्न : माझी मुलगी मुंबईत मोठ्या लॉ फर्ममध्ये होती. ती सोडून आता रुग्णांच्या संघटनेसाठी काम करते. पगार एक तृतीयांश. तिचे बाबा बोलत नाहीत तिच्याशी. ह्यात पुढे काही आहे का हो? (एक आई, नाशिक)

ताई, पैशाचं खरं सांगते. मी 2008 साली फर्म सोडली तेव्हा हातात येणारी रक्कम अठ्ठेचाळीस हजारांवरून अठरा हजारांवर आली. दादरचं घर सोडून डोंबिवलीला गेले. देणगीवर चालणाऱ्या कामात अनुदान तीन वर्षांचं असतं आणि तिसऱ्या वर्षी जानेवारीत सगळ्यांची तोंडं उतरलेली असतात. हे आजही तसंच आहे. गेल्या वर्षी परदेशी निधी आटल्यावर आमच्या ओळखीच्या दोन जागा बंद झाल्या.

पुढे वाटा निघतात. कुणी प्राध्यापक होतं, कुणी हायकोर्टात दुसऱ्या केसेस घेऊन घर चालवतं आणि ही कामं फुकट करतं (मी आठ वर्षं हेच केलं, चेक बाउन्सच्या केसेसनी माझं भाडं भरलं). मुलीला एवढं विचारा की आरोग्य विमा आहे का. दुसऱ्याच्या औषधासाठी भांडणाऱ्यांच्या घरी तोच नसतो, हे मी फार वेळा पाहिलंय. आणि बाबांना सांगा, अबोला धरून पगार वाढत नाही.

प्रश्न : मी पंचवीस वर्षं औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, छत्रपती संभाजीनगर. आता कंपन्या स्वतःहून जेनेरिकवाल्यांना आपलं औषध बनवायचे परवाने देतात. मग तुमची गरज काय उरली?

परवाने देतात हे खरं आणि त्याने लाखो लोकांना औषध मिळालं हेही खरं. जीनिव्हाला मेडिसिन्स पेटंट पूल नावाची संस्था 2010पासून हेच काम करते. आमच्यातले काही कट्टर लोक परवान्याचं नाव काढलं की नाक मुरडतात, मी त्यांच्यातली नाही.

पण परवाना आला की मी आधी शेवटची पानं उघडते. तिथे देशांची यादी असते. लेनाकापाविर घ्या. एचआयव्ही होऊ नये म्हणून वर्षातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन. अमेरिकेत त्याची वर्षाची छापील किंमत 28 हजार डॉलरच्या वर. गिलियडने ऑक्टोबर 2024मध्ये सहा कंपन्यांना परवाने दिले, 120 देशांसाठी, आणि त्यातल्या आपल्या हैदराबादच्या कंपन्यांकडून 2027पासून वर्षाला 40 डॉलरच्या आसपास ते मिळेल असं जाहीर झालंय. अठ्ठावीस हजार आणि चाळीस. आकडे वाचताना माझाही चष्मा पुसून झाला. आता यादी बघा : ब्राझील त्यात नाही. ह्याच इंजेक्शनची एक मोठी चाचणी ज्या देशांत झाली त्यांत ब्राझील होता. तिथल्या माणसांनी दंड पुढे केला, चाचणीला चालले, यादीत चालले नाहीत.

कंपनीने दिलेल्या परवान्यात यादी कंपनी करते. पेटंटच नसेल तर यादी करायला कुणी उरत नाही. एवढ्यासाठी आमची गरज.

प्रश्न : समता म्हणजे समानताच ना? दोन शब्द कशाला? (सांगली)

दक्षिण आफ्रिकेने कोविडची लस पुण्याच्या सीरमकडून घेतली तेव्हा डोसला 5 डॉलरच्या वर मोजले. त्याच लशीला युरोपीय संघ मोजत होता 2 डॉलरच्या थोडं वर. दोघांना सारखीच किंमत लावली असती तर ती समानता. ज्याच्याकडे कमी त्याला कमी लावली असती तर ती समता. इथे दोन्ही नाही.

आणि हे करार गुप्त होते. फातिमा हसन नावाच्या केपटाऊनच्या वकीलबाईंच्या संस्थेने सरकारवर केस केली, ऑगस्ट 2023मध्ये प्रिटोरियाच्या कोर्टाने सगळ्या कंपन्यांशी झालेले करार उघड करायला लावले. हे करार मी छापून घेतलेत. शिकवायला बरे पडतात. कोर्टात जाऊन माणसाने काय मागावं? पुष्कळदा नुसता कागद मागावा.

प्रश्न : मला जीनिव्हात काम करायचं आहे, डब्ल्यूएचओमध्ये. लॉ झालंय, पुण्याला आहे. कसं जाता येईल?

मी तिथे दोन वर्षं होते, एका संस्थेच्या लहानशा कचेरीत, डब्ल्यूएचओची कर्मचारी म्हणून नव्हे. खरी नोकरी मिळणं कठीण, पुष्कळ जण अकरा महिन्यांच्या, सहा महिन्यांच्या करारांवर असतात. खोलीचं भाडं ऐकून मिरजेला आईने विचारलं होतं, “विकत घेतलीस का?”

काम मात्र आपल्या वकिलीच्या जवळचं. तिथे मसुद्यावर वाद असेल तो मजकूर चौकोनी कंसात टाकतात. देश एकेक करून कंस काढतात किंवा नवे घालतात, रात्री दोनला, थंड सँडविच खात. मे 2025मध्ये डब्ल्यूएचओच्या सभेत मंजूर झालेला महामारी करार बघा. 19 तारखेला समितीत 124 देश बाजूने, विरोधात एकही नाही, 11 तटस्थ, आणि 20ला सभेत मंजूर. ऐकायला किती छान! पण लस किंवा औषध बनवण्याचं तंत्रज्ञान गरीब देशांना द्यायचं ते ‘परस्परसंमतीने’, ह्या एका शब्दावर महिनोन्‌महिने गेले, आणि शेवटी त्याचा अर्थ सांगायला तळटीप घालावी लागली. आपल्याकडच्या खरेदीखतात ‘राजीखुशीने’ लिहितात ना, तसलाच तो शब्द. ज्याच्या हातात वस्तू आहे तो राजी नसेल तर काय, ह्याचं उत्तर त्यात नाही. शिवाय विषाणूचे नमुने देणाऱ्या देशाला बदल्यात काय मिळणार ह्याचं जोडपत्र वेगळं ठरवायचं, आणि ते ठरल्याशिवाय करार सह्यांसाठी खुलाच होत नाही.

माझा सल्ला विचाराल तर आधी इथे पाच वर्षं काढा. जीनिव्हात भेटलेले चांगले वकील सगळे कुठून तरी आलेले होते, नैरोबीच्या कोर्टातून, ब्राझीलच्या सरकारी खात्यातून. जे थेट विद्यापीठातून आले होते ते कंस फार सुंदर लावायचे.

प्रश्न : वडलांना कॅन्सर आहे. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या महिन्याला लाखाच्या वर आहेत. चार एकर आहे, त्यातली दोन विकायचा विचार चाललाय. केस करून औषध स्वस्त होतं असं तुमच्या लेखात वाचलं. मी केस करू का? (परभणी)

दादा, आधी जमीन विकू नका आणि आधी केसही करू नका.

केस कशी असते ते सांगते. आपल्या कायद्यात कलम 84 आहे, सक्तीच्या परवान्याचं. पेटंटला तीन वर्षं झाली आणि औषध परवडत नसेल, पुरेसं मिळत नसेल किंवा देशात ते पेटंट राबवलं जात नसेल तर दुसऱ्या कंपनीला ते बनवायचा परवाना मागता येतो. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं नेक्साव्हार महिन्याला 2,80,428 रुपयांना होतं. हैदराबादच्या नॅटकोने अर्ज केला आणि 9 मार्च 2012ला मुंबईहून कंट्रोलर पी. एच. कुरियन ह्यांनी हुकूम दिला : 120 गोळ्या, म्हणजे एक महिना, नऊ हजार रुपयांच्या आत. बायर कंपनीला विक्रीवर 6 टक्के रॉयल्टी, पुढे ती 7 झाली. मुंबई हायकोर्टाने 2014 साली तो हुकूम कायम ठेवला. हे वाचून तुमच्या मनात आशा आली असणार. पण तो अर्ज बनवायची तयारी असलेल्या कंपनीने केला होता आणि असा परवाना भारतात तेवढा एकच निघालाय. तुमच्या वडलांना औषध ह्या महिन्यात हवंय.

तेव्हा हे करा. डॉक्टरांना ब्रँडचं नाही, आतल्या औषधाचं नाव कागदावर लिहून मागा. ‘ह्याचं जेनेरिक आहे का, आणि दुसरं एखादं औषध तेवढंच चालेल का’ हे दोन प्रश्न तोंडावर विचारा. डॉक्टर चिडत नाहीत, घाई असते त्यांना. पुष्कळदा पेटंट संपलेलं असतं आणि चिठ्ठीवर सवयीने जुना ब्रँड येतो. माझ्याकडे ‘केस करायची’ म्हणून आलेल्या एका बाईंचं काम शेजारच्या गल्लीतल्या दुकानातून झालं होतं. मी फी घेतली नाही, त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणून दिली.

मग महात्मा फुले योजनेत हे उपचार बसतात का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. सरकारी मोठ्या कॅन्सर रुग्णालयात एकदा कागद दाखवा, अशी रुग्णालयं एकत्र येऊन औषधं घाऊक दराने घेतात, त्यामुळे तिथली किंमत आणि बाहेरची किंमत ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खाजगी रुग्णालयात असाल तर ते ट्रस्टचं आहे का बघा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कलम 41 कक आणि 2006ची हायकोर्टाची योजना, हे शब्द तसेच म्हणा. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा चालतो. ‘खाटा भरल्यात’ म्हणाले तर लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा खाट सापडते. नाही सापडली तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार. औषध भारतात मिळतच नसेल तर स्वतःच्या वापरापुरतं बाहेरून मागवायला फॉर्म 12-अ असतो, तो वेळ आली तर मी सांगेन कसा भरायचा.

एवढं करूनही अडलं, म्हणजे औषध एकाच कंपनीचं आहे, पेटंट चालू आहे, पर्याय नाही, तर मग माझ्या धंद्याचं काम सुरू होतं. त्यासाठी मला एकच गोष्ट हवी. गोळ्यांच्या पट्टीचा फोटो काढून संपादकांकडे पाठवा, दोन्ही बाजूंचा. कापलेली असेल तर दुकानदाराकडे राहिलेल्या टोकाचा, जिथे बॅच नंबर छापलाय.